पाल्याचा काढा, बुरशी आणि चांदी: जैविक पद्धतीने नॅनोकण बनवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्ट सुरू होतात, आणि त्यांतला एक तरी ‘अमुक वनस्पतीच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण’ असा असतोच. मग मुलांकडून, त्यांच्या पालकांकडून, कधी एखाद्या शेतकऱ्याकडून तेच तेच प्रश्न येतात. तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. उदाहरण बहुतेक ठिकाणी चांदीचंच आहे. या पद्धतींनी सगळ्यात जास्त काम तिच्यावरच झालंय, आणि माझे हातही तिनेच काळे केलेत.

नॅनोकण म्हणजे नेमका किती लहान कण?

साधारण १ ते १०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. या आकड्यांनी डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, म्हणून मी मुलांना दुसरा हिशेब करायला लावते. १ ग्रॅम चांदीचा एकच ठोकळा केला तर त्याचा सगळ्या बाजूंचा मिळून पृष्ठभाग जेमतेम सव्वा चौरस सेंटीमीटर भरतो. तीच १ ग्रॅम चांदी २० नॅनोमीटरच्या गोळ्यांमध्ये वाटली तर पृष्ठभाग होतो सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट. चाळीतल्या दोन खोल्या! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात, त्यामुळे चिमूटभर धातू खूप काम करतो. अशा एका गोळीत चांदीचे अणू असतात सुमारे अडीच लाख.

‘जैविक पद्धत’ म्हणजे करतात तरी काय?

धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा आणि त्यात वनस्पतीचा अर्क, बुरशी, यीस्ट, जिवाणू किंवा शेवाळ यांपैकी काहीतरी घालायचं. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळलं की चांदी आयनांच्या रूपात असते, तिला एक इलेक्ट्रॉन कमी असतो. अर्कातले पदार्थ तो इलेक्ट्रॉन देतात. यालाच क्षपण म्हणतात. आयनाचा अणू झाला की अणू एकमेकांना धरतात, त्यांचं बीज तयार होतं आणि ते वाढायला लागतं. वाढ वेळीच थांबली नाही तर तळाशी काळा गाळ बसतो. अर्कातलीच प्रथिनं आणि पॉलिफिनॉल (वनस्पतींतली तुरट संयुगं) कणांभोवती आवरण धरून ती वाढ रोखतात. इलेक्ट्रॉन देणारा आणि आवरण घालणारा एकाच भांड्यात मिळतो, ही या पद्धतीची खरी सोय.

मग रासायनिक पद्धतीत वाईट काय आहे?

सगळंच वाईट नाही, हे आधी सांगते. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ‘रासायनिक पद्धती विषारी व घातक असतात’ असं एक ठरलेलं वाक्य असतं आणि मी ते दर वर्षी लाल पेनाने खोडते. १९५१ साली टर्केविचने रूढ केलेल्या पद्धतीत सोन्याच्या क्षाराचं द्रावण उकळून त्यात सोडियम सायट्रेट घालतात. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच क्षार. त्यात घातक काय आहे?

इतर पद्धतींबद्दल मात्र तक्रार रास्त आहे. मायकेल फॅराडेने १८५७ मध्ये सोन्याचं माणकासारखं लाल द्रावण केलं तेव्हा त्याने फॉस्फरस वापरला होता. १९९४ च्या ब्रस्ट-शिफ्रिन पद्धतीत टोल्यूइन हा घातक सेंद्रिय द्रावक लागतो, क्षपणासाठी सोडियम बोरोहायड्राइड लागतं. हायड्रॅझिनसारखी विषारी द्रव्यंही बरेच जण वापरतात. कण औषधासाठी किंवा जखमेवर लावायच्या मलमासाठी हवे असतील तर त्यांच्यावर राहिलेला असल्या द्रव्यांचा अंशही नकोसाच. अनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. त्यानंतर पाणी हाच द्रावक आणि पाला हेच क्षपणक, अशा कामाला जोर आला.

हे सगळं सुरू कुठे झालं? परदेशातच ना?

पूर्णपणे नाही. या कामाचा मोठा भाग पुण्यात, पाषाण रस्त्यावर झालाय.

सूक्ष्मजीव धातूंचे बारीक कण बनवतात हे आधी माहीत होतं. चुंबकाच्या दिशेने पोहणारे जिवाणू ब्लेकमोरने १९७५ मध्ये नोंदवले. त्यांच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या स्फटिकांची माळ असते आणि ते तिचा होकायंत्रासारखा उपयोग करतात. १९८९ मध्ये यीस्टच्या पेशींत कॅडमियम सल्फाइडचे नॅनोस्फटिक सापडले. १९९९ मध्ये चांदीच्या खाणीतून वेगळा केलेला स्यूडोमोनास स्टुटझेरी हा जिवाणू चांदीचे स्फटिक पेशीतच साठवतो, असं दिसलं. काही स्फटिक २०० नॅनोमीटरपर्यंतचे होते. ज्या धातूने इतर जिवाणू मरतात, तोच हा पोटात बांधून ठेवतो.

हे सगळं निसर्गातलं नवल म्हणून बघितलं जात होतं. कण बनवायची रीत म्हणून त्याच्याकडे हट्टाने पाहिलं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे आपल्या एनसीएलमधल्या मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटाने. एक पदार्थविज्ञानातला, दुसरा बुरशीतला. २००१ मध्ये त्यांनी व्हर्टिसिलियम बुरशीकडून चांदीचे कण करून घेतले, पण ते बुरशीच्या तंतूंतच अडकून राहिले. २००३ मध्ये फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमने तो प्रश्न सोडवला: कण बाहेरच्या पाण्यात तयार झाले, ५ ते १५ नॅनोमीटरचे.

फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम हे नाव शेतकऱ्यांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. हरभऱ्यावर ‘मर’ पडते ती याच बुरशीच्या एका प्रकारामुळे. उभं पीक वाळवणारी बुरशी प्रयोगशाळेत चांदी घडवत होती. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

त्याच गटाने पुढे पानांकडे मोर्चा वळवला. २००३ मध्ये जिरॅनियम. त्यात मजा अशी की त्यांनी जिरॅनियमचं पान आणि त्या पानाच्या आत राहणारी बुरशी दोन्ही वापरून सोन्याचे कण केले, आणि दोघांचे आकार वेगळे आले. २००४ मध्ये कडुनिंब. त्याच वर्षी गवती चहा: आपण पावसाळ्यात चहात घालतो तीच पात. तिच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोण मिळाले, आणि तो शोधनिबंध ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आला. मागोमाग चिंचेचा पाला, आवळा, कोरफड. परसदार रिकामं केलं म्हणा ना.

पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर, मीनल कौशिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एमकेवाय३ या यीस्टकडून २ ते ५ नॅनोमीटरचे चांदीचे कण मिळवले. पुणे विद्यापीठातल्या सुलभा कुलकर्णी त्या कामात होत्या. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीपासून नॅनोकण हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. बाहेरचं म्हणाल तर टेक्सासमध्ये गार्डिया-टोरेसडे यांनी २००२ मध्ये लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे कण दाखवले होते.

प्रत्यक्ष कृती कशी असते? कडुनिंबाचं सांगा.

१० ग्रॅम ताजी पानं घ्यायची. धूळ जाईपर्यंत नळाखाली धुवायची आणि मग डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा खळबळायची. पुसून, बारीक चिरून १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाच-दहा मिनिटं उकळायची. त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर कडू वास पसरतो आणि शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक दार लावून घेतात. निवल्यावर आधी फडक्यातून, मग फिल्टर पेपरमधून गाळायचं. अर्क पिवळसर हिरवट, पण आरपार दिसणारा हवा. गढूळ असेल तर पुन्हा गाळा.

सिल्व्हर नायट्रेटचं १ मिलिमोलर द्रावण करायचं: १ लिटरला ०.१७ ग्रॅम. वजन करताना हातमोजे घाला. मतदानाच्या वेळी बोटावर लावतात त्या शाईत हाच क्षार असतो. एकदा लागला की कातडीचा थर झडेपर्यंत डाग जात नाही, साबण लावा नाहीतर लिंबू.

आता ९० मिली द्रावणात १० मिली अर्क घाला, चंबूला फॉइल गुंडाळा आणि अंधारात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने फॉइल थोडी उघडून बघितली की फिकट पिवळा रंग मधासारखा झालेला असतो, नंतर कोऱ्या चहासारखा. काही तासांनी काकवीच्या जवळ जातो.

शेजारी आणखी दोन चंबू ठेवायचे: एकात नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि पाणी, दुसऱ्यात नुसता अर्क आणि पाणी. अर्क हवा लागून आपणहून तपकिरी होतो, सिल्व्हर नायट्रेट उजेडाने काळवंडतं. हे दोन चंबू नसतील तर तुमच्या तपकिरी रंगाला काही अर्थ नाही. निम्मे विद्यार्थी ते ठेवत नाहीत, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

चांदी पांढरी असते, मग द्रावण तपकिरी का?

कण फार लहान झाले की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हेलकावतात आणि ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. चांदीच्या छोट्या गोल कणांचं हे शोषण ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतं. तो निळा-जांभळा भाग गेला की उरतो तो पिवळा-तपकिरी. सोन्याच्या गोळ्या ५२० च्या आसपासचा हिरवा गिळतात म्हणून लाल दिसतात. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला लायकर्गस चषक पुढून हिरवा आणि मागून उजेड लावला की लाल दिसतो, तोही काचेत अडकलेल्या सोन्या-चांदीच्या बारीक कणांमुळे. करणाऱ्या कारागिराला नॅनोचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

रंग बदलला म्हणजे कण झाले, असं धरायचं का?

नाही. इथे माझीच फजिती सांगते.

माझ्या पहिल्या प्रयत्नात द्रावण आधी किंचित दुधाळ झालं, मग उजेडात ठेवल्यावर छान जांभळट राखाडी. मी खूश. गाइडना फोनसुद्धा केला. पावडर एक्स-रे विवर्तनाला पाठवली (स्फटिक कोणत्या पदार्थाचा आहे ते या तपासणीत कळतं), तर आलेखात ३२ अंशांजवळ एक टोकदार शिखर उभं. चांदीची शिखरं साधारण ३८, ४४, ६४ आणि ७७ अंशांवर यायला हवीत. ३२ चं शिखर सिल्व्हर क्लोराइडचं. मी चंबू नळाच्या पाण्याने विसळून तसाच वापरला होता. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते चांदीशी लगेच पांढरा अवक्षेप देतं आणि तो उजेडात जांभळा पडतो. महिनाभर मी नॅनोकण म्हणून जुन्या छायाचित्रांच्या कागदावरचा मसाला बनवत होते.

तेव्हापासूनची सवय: कोणतंही पाणी वापरण्याआधी थोडं परीक्षानळीत घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. दुधाळ झालं तर ते पाणी नको. बॅटरीत घालायचं पाणी आणता ना, त्यालाही हीच परीक्षा. पाणी शुद्ध असलं तरी पानांच्या रसात स्वतःचं क्लोराइड असतंच, त्यामुळे थोडंफार सिल्व्हर क्लोराइड बऱ्याच ‘हिरव्या’ चांदीत सापडतं. छापलेल्या आलेखांतही ३२ अंशांजवळचं शिखर दिसतं आणि त्याखाली एक अक्षर लिहिलेलं नसतं.

कमीत कमी तपासण्या म्हणाल तर प्रकाशशोषणाचा आलेख, एक्स-रे विवर्तन आणि पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं. पैसे कमी असतील तर छायाचित्रं थोडी काढा, पण वेगवेगळ्या जागांची काढा. एकाच सुंदर कोपऱ्याची नकोत. द्रावण किती टिकेल हे झीटा विभवावरून, म्हणजे कणांवरच्या विद्युतभाराच्या मापावरून कळतं, ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे, धन किंवा ऋण, असेल तर कण एकमेकांना दूर ठेवतात. इन्फ्रारेड आलेखावरून आवरणात कोणते रासायनिक गट आहेत याचा अंदाज येतो. अंदाजच. त्यावरून ‘क्वेर्सेटिनने (म्हणजे अमुक एका पॉलिफिनॉलने) क्षपण केलं’ असं ठासून लिहू नका.

पाला बरा, बुरशी बरी की जिवाणू?

घाई असेल तर पाला. काढा तासाभरात होतो, निर्जंतुक खोली लागत नाही, काही वाढवायचं नाही की जपायचं नाही. फ्युझेरियमला चांदी पूर्ण करायला तीन दिवस लागले होते. पानांचं काम काही तासांत होतं.

बुरशीचं बलस्थान वेगळं आहे. ती प्रथिनं आणि एन्झाइम भरपूर पाझरते, तिचे तंतू गाळायला सोपे असतात, आणि मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायचं तंत्र उद्योगांना सवयीचं आहे. पद्धत अशी: आठवडाभर वाढवलेली बुरशी धुवायची, स्वच्छ पाण्यात दोन-तीन दिवस ठेवायची, मग बुरशी काढून टाकून फक्त ते पाणी वापरायचं. त्यात नायट्रेट रिडक्टेस हे एन्झाइम उतरलेलं असतं आणि क्षपणात त्याचा हात असावा, असं बरेच प्रयोग सांगतात. पण ‘मर’ पाडणारी बुरशी शेकडो लिटर वाढवून कोणी गावाशेजारी ठेवावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा ट्रायकोडर्मा बरी. ती आपले शेतकरी बियाण्याला चोळतातच, आणि तिच्यापासूनही चांदीचे कण होतात.

जिवाणूंची खरी जागा मला दुसरीकडे दिसते: टाकाऊ पाण्यातून मौल्यवान धातू परत मिळवण्यात. बर्मिंगहॅममध्ये लिन मॅकास्की यांच्या गटाने डिसल्फोव्हिब्रिओ जिवाणूंकडून पॅलेडियमचे कण पेशींवर बसवून घेतले, आणि त्या पेशी थेट उत्प्रेरक म्हणून वापरल्या. कचऱ्यातला धातू उचलायचा आणि त्याच कणाला कामाला लावायचं. याला मी डोळे झाकून पर्यावरणपूरक म्हणेन.

कोणती वनस्पती घेऊ? नवीन हवी.

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं दुखतं. जवळपास कोणताही पाला चालतो, कारण पॉलिफिनॉल, शर्करा, अॅस्कॉर्बिक आम्ल थोडंफार सगळीकडे असतंच. अमेरिकेत नडागौडा आणि वर्मा यांनी चहा-कॉफीपासून चांदी आणि पॅलेडियमचे कण केले, तेही २००८ मध्ये. त्यामुळे ‘या वनस्पतीपासून प्रथमच’ हा शोध नाही, ती यादीतली पुढची ओळ आहे. एकच साधी वनस्पती घ्या आणि पीएच (द्रावण किती आम्ल वा अल्कधर्मी याचं माप), तापमान, प्रमाण यांनी कण कसे बदलतात ते नीट बघा. त्यात दोन वर्षं कशी जातील कळणार नाही.

तीच कृती केली तरी दर वेळी कण वेगळे का येतात?

कारण तो पाला आहे, बाटलीतलं रसायन नव्हे. चैत्रातली कोवळी तांबूस पालवी आणि श्रावणातलं जून पान यांच्यात पॉलिफिनॉलचं प्रमाण सारखं नसतं. झाड, जमीन, तोडायची वेळ, वाळवलं की ताजं, किती मिनिटं उकळलं, सगळ्याने फरक पडतो. एका मुलीने एकाच झाडाची पानं मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये घेतली. दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले तर कोणी म्हणणार नाही की ती एकच कृती आहे.

यावर उपाय आहेत, पण कष्टाचे. एकदाच भरपूर पाला आणून सावलीत वाळवून दळून ठेवणे. ‘१० मिली अर्क’ न म्हणता अर्कातलं एकूण फिनॉल मोजून त्या हिशेबाने घालणे. पीएच पक्का धरणे: द्रावण अल्कधर्मी झालं की पॉलिफिनॉल इलेक्ट्रॉन लवकर सोडतात, बीजं एकदम पुष्कळ पडतात आणि कण सहसा लहान येतात. पीएच वाढवायला कॉस्टिक सोड्याचे थेंब वापरा, अमोनिया नको. अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

मोठ्या प्रमाणावर का बनवत नाहीत?

गणित करून बघा. १ मिलिमोलर द्रावणाच्या १ लिटरमध्ये चांदी असते १०८ मिलिग्रॅम. वरच्या कृतीतल्या ९० मिलीतली सगळीच्या सगळी चांदी कणांत उतरली तरी हाती येतात १० मिलिग्रॅमसुद्धा नाहीत. याच हिशेबाने १ किलो कण करायचे तर सुमारे ९,३०० लिटर द्रावण, हजारेक लिटर काढा आणि त्यासाठी १०० किलो पाला. म्हणजे मोठा टँकरभर पाणी, आणि तेही डिस्टिल्ड! मराठवाड्यात बसून हे वाचणाऱ्याने यावर काय म्हणावं?

द्रावण दाट करायचं तर कण एकमेकांना चिकटतात. शिवाय तेवढ्या पाण्यातून कण वेगळे काढायला सेंट्रिफ्यूज लागतो, वाळवायला वीज लागते. हे सुटणारे प्रश्न आहेत, पण त्यांवर काम करण्यापेक्षा नवी वनस्पती शोधणं सोपं पडतं.

म्हणजे हे खरंच पर्यावरणपूरक आहे की नुसतं नाव?

कुठे कुंपण घालून हिशेब करता त्यावर आहे. चंबूपुरतं बघाल तर हो: विषारी क्षपणक नाही, सेंद्रिय द्रावक नाही, दाब नाही, फारशी उष्णता नाही. चंबूच्या बाहेर आलात की चित्र बदलतं. चांदी-सोनं खाणीतूनच येतं, आणि सोन्याच्या कणांचा संपूर्ण जीवनचक्राचा हिशेब मांडला तर सगळ्यात मोठा बोजा त्या सोन्याच्या क्षाराचाच निघतो. काढा वापरला की सायट्रेट, हा त्यापुढे किरकोळ भाग. त्यामुळे ज्या पद्धतीत जास्त धातू कणांत उतरतो आणि कमी वाया जातो, ती माझ्या मते अधिक हिरवी, मग तिच्यात पाला असो वा नसो.

झिंक ऑक्साइडच्या काही कृती तर चक्क डोळ्यांत धूळ आहेत. झिंकचा क्षार, दोन चमचे अर्क, त्यात कॉस्टिक सोडा, आणि मग भट्टीत ४००-५०० अंशांवर भाजणं. भट्टीत अर्काचा मागमूस उरत नाही. नावात मात्र तुळस.

आयुर्वेदातली भस्मं म्हणजे नॅनोकणच ना?

सुवर्णभस्माच्या नमुन्यांत सोन्याचे नॅनो आकाराचे स्फटिक आढळल्याचं तपासण्यांत नोंदलं गेलंय, हे खरं. पण भस्म पुटं देऊन, म्हणजे वारंवार तापवून करतात. त्यात लहान-मोठे कण आणि त्यांचे गठ्ठे एकत्र असतात. पाण्यात तरंगणारे, एकसारखे, आवरण घातलेले कण हा वेगळा माल. दोघांना एकाच पंगतीला बसवून ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ म्हणायचं, तर त्याला आधी मोजमाप दाखवावं लागेल.

चांदीचं नॅनो पाणी प्यायलं तर प्रतिकारशक्ती वाढते का?

पिऊ नका. चांदी अंगात साठत गेली की त्वचा कायमची निळसर राखाडी पडते, या विकाराला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग परत जात नाही. कोलॉइडल चांदीची बिनचिठ्ठीची औषधं सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच केला. बारशात आलेल्या चांदीच्या वाटीतून बाळाला वरणपाणी भरवता ते खुशाल भरवा. त्याचा आणि याचा संबंध नाही.

पण चांदी जिवाणू मारते हे तरी खरं?

हो. कणांतून चांदीचे आयन सुटत राहतात, ते जिवाणूंचं पटल आणि प्रथिनं बिघडवतात. म्हणूनच भाजलेल्या जखमांवर चांदीची मलमं आणि पट्ट्या वापरतात. टाटांच्या ‘स्वच्छ’ फिल्टरमध्ये, २००९ साली आलेल्या, भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते.

मात्र जिवाणूही गप्प बसत नाहीत. १९७५ मध्येच बोस्टनमध्ये भाजलेल्या रुग्णांत चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता. मोजे, फ्रिज, टूथब्रश, जिथे तिथे चांदी घालण्याची हौस मला त्यामुळे पटत नाही.

शेतात फवारायला चालतील का?

बुरशीनाशक म्हणून प्रयोग पुष्कळ झालेत आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले निकाल चांगले दिसतात. बशी आणि शेत यांच्यात फरक असतो. चांदी रोगाची बुरशी मारते तशी जमिनीतल्या उपयोगी जिवाणूंनाही त्रास देते, आणि ओढ्यात गेली तर माशांना व पाण्यातल्या बारीक जीवांना. काढ्यापासून बनवली म्हणून ती सौम्य होत नाही. नॅनो कृषी निविष्ठा आणि खाद्यपदार्थ कसे तपासावेत याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये काढली आहेत. दुकानदार ‘नॅनो’ लिहिलेली बाटली पुढे करेल तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा. घटकांत काय, किती, हे लेबलवर नसेल तर बाटली परत ठेवा.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात करता येईल का?

घरच्या स्वयंपाकघरात तर मुळीच नको. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षक शेजारी उभे असताना, चष्मा आणि हातमोजे घालून करा. काढा करण्याचं काम मुलांना द्या, क्षार मोठ्यांनी हाताळावा.

प्रयोग संपल्यावर उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं तर?

ओतू नका. चांदीचं सगळं उरलंसुरलं, धुतलेलं पाणीसुद्धा, एका रुंद तोंडाच्या बरणीत गोळा करा आणि त्यात मूठभर मीठ टाका. विरघळलेली चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते, मिठामुळे कणांचेही गठ्ठे होऊन तळाला जातात. दोन दिवसांनी वरच्या नितळ पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून बघा. दुधाळ झालं तर अजून मीठ लागेल. वरचं पाणी काढून घ्या, गाळ जमवत राहा. बरणीवर नाव आणि तारीख लिहा, आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेला किंवा चांदी परत काढणाऱ्यांना द्या. आमच्या बेसिनखालच्या बरणीत सहा वर्षांच्या प्रोजेक्टांचा मिळून बोटभर राखाडी-जांभळा थर बसलाय. झाकणावर पहिल्या बॅचच्या मुलाच्या अक्षरात लिहिलंय, ‘चांदी आहे, फेकू नये’.